निकाली निघालं म्हणजे हातात पडलं का?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सगळ्याच ऐकत आलोय. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या बाईला पायरी चढायची की नाही, असा पर्याय तरी कुठे असतो? नवऱ्याने घराबाहेर काढलं की पोटगीसाठी कोर्ट. वडील गेले आणि भावांनी परस्पर सातबाऱ्यावर आपलीच नावं लावली की वाटणीसाठी कोर्ट. नवरा अचानक गेला, बँकेतल्या ठेवीला वारस लावलेला नव्हता, की वारस दाखल्यासाठी कोर्ट. शेजाऱ्याने बोळात भिंत घातली की मनाई हुकमासाठी कोर्ट. यातलं काहीच खून-दरोड्याचं नाही. त्यामुळे या प्रकरणांची बातमी होत नाही, टीव्हीवर चर्चा होत नाही. ही सगळी दिवाणी कामं. बाईचं अर्धं आयुष्य त्यात जातं आणि सरकारदरबारी त्याची खूण उरते ती फक्त एका आकड्यात.

आज त्या आकड्याबद्दलच लिहायचं आहे. आकडे म्हटल्यावर पान उलटू नका, मैत्रिणींनो! मीही कला शाखेचीच. गणिताशी माझा संबंध दूधवाल्याच्या हिशेबापुरता आणि बचत गटाच्या रजिस्टरपुरता. पण बचत गटाने एक गोष्ट चांगली शिकवली. गटातल्या बायका कितीही कष्टाळू असोत, बँकेचा साहेब आधी वही बघतो. वहीत हप्ता नीट लिहिलेला नसेल तर भरलेले पैसेही न भरल्यासारखेच. कोर्टाचंही तसंच आहे. कुठे न्यायाधीश कमी पडतात, कुठल्या जिल्ह्याला कौटुंबिक न्यायालय हवं, कुठला कायदा नुसता कागदावर राहिलाय, हे सगळं वही बघूनच ठरवायचं असतं. मग ती वही कशी लिहिली जाते, हे आपल्याला कळायला नको का?

ही वही आता कुणालाही बघता येते. आपल्या देशात कोर्टांमध्ये कॉम्प्युटर आणण्याचा ई-कोर्ट प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये ‘नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड’ लोकांसाठी खुली झाली. मराठीत म्हणायचं तर खटल्यांची राष्ट्रीय खातेवही. कोर्टातल्या कॉम्प्युटरवर जी प्रणाली चालते ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रातल्या मंडळींनी घडवली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पूर्वी तालुका कोर्टातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून उच्च न्यायालयाला कागदावर तक्ते जायचे. ते तुम्हा-आम्हाला दिसायचेच नाहीत. आता मोबाइलवर कुठल्याही जिल्ह्याचं नाव निवडा, किती खटले पडून आहेत ते समोर येतं. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत मिळून साडेचार कोटींहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत. त्यांतली एक कोटीहून जास्त दिवाणी. ही पारदर्शकता फार मोलाची आहे. पण भिंगातून बघितल्याशिवाय धान्यातले खडे दिसत नाहीत, तसं या आकड्यांचंही आहे.

आमच्या महिला मंडळाचं सल्ला केंद्र दर शनिवारी दुपारी चालतं. मी वकील नाही. पण अर्ज लिहून देणं, बरोबर जाणं, तारीख लक्षात ठेवणं ही कामं वर्षानुवर्षं करून कोर्टाची भाषा थोडीफार कळायला लागली आहे. मागे एक मावशी नातवाला घेऊन आल्या. नातवाने मोबाइलवर आजीचा दावा शोधून काढला होता. त्यापुढे लिहिलं होतं, ‘निकाली’. मावशींनी मला सरळ विचारलं, “ताई, निकाली म्हणजे माझं झालं का? मग भाऊ अजून नांगर का घालतोय?”

मावशींचा प्रश्न अगदी बरोबर होता. वडिलांच्या जमिनीत त्यांचा चौथा हिस्सा आहे, असा प्राथमिक हुकूमनामा कोर्टाने दिला होता. कोर्टाच्या वहीत दावा त्याच दिवशी संपला. पण मावशींचं काम त्या दिवशी खरं सुरू झालं. हिस्सा ठरला तरी तो बांधावर मोजून हातात पडायला दरखास्त द्यावी लागते. शेतजमीन असेल तर कागद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातात, तिथून तहसीलदार, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग ताबा. या वाटेवर किती वर्षं जातात ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा.

हा एकट्या मावशींचा अनुभव नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटणीच्याच एका प्रकरणात यावर बोट ठेवलं होतं. प्राथमिक हुकूमनामा झाला की दावा संपला असं मानण्याची पद्धत बरोबर नाही, अंतिम हुकूमनाम्यापर्यंत ते एकच काम आहे, असं न्यायालयाने समजावून सांगितलं. २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं, की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट न बघता कोर्टाने आपणहून पुढची तारीख लावावी. म्हणजे न्यायाच्या दृष्टीने जे संपलेलं नाही, ते वहीच्या दृष्टीने संपलेलं असतं, हे वरच्या कोर्टालाही दिसलेलं आहे.

‘निकाली’ हा शब्दच मोठा फसवा आहे. बाई दावा जिंकली, निकाली. तडजोड झाली, निकाली. मूल तापाने फणफणलंय म्हणून ती दोन-तीन तारखांना येऊ शकली नाही आणि गैरहजेरीत दावा काढून टाकला, तरी निकाली. घरच्यांच्या दबावाने तिने दावा मागे घेतला, निकाली. दावा लावणारी म्हातारी वारली आणि नव्वद दिवसांच्या मुदतीत वारसांची नावं लागली नाहीत म्हणून दावा संपला, तोही निकालीच! मोरीतली खरकटी भांडी उचलून अंगणात नेऊन ठेवली तर मोरी रिकामी दिसते. पण भांडी घासली का? खातेवहीत ‘लढून झालेला निकाल’ आणि ‘न लढता झालेला निकाल’ असे दोन ढोबळ भाग आहेत. पण न लढता म्हणजे राजीखुशीने मिटलं की बाई थकून घरी बसली, हा फरक आपल्याला हवा आहे. बातमीत मात्र एकच बेरीज येते, अमुक हजार प्रकरणं निकाली, आणि आपण टाळ्या वाजवतो.

आता दरखास्तीचं बघू. निकाल हातात आहे पण पैसे किंवा ताबा मिळत नाही, तेव्हा निकालाची अंमलबजावणी करून मागायची ती दरखास्त. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचं निरीक्षण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवलं होतं. दीडशे वर्षं उलटली! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकालात काढा, उशीर झाला तर कारणं लेखी नोंदवा. पण सहा महिन्यांत होतंय की नाही हे कळणार कसं? त्यासाठी आधी दरखास्ती मोजायला हव्यात. मार्च २०२५ मध्ये, तमिळनाडूतल्या जमीन-व्यवहाराच्या एका जुन्या खटल्याच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांकडून दरखास्तींची माहिती मागवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आकडे समोर आले, तेव्हा देशभरात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती पडून होत्या. त्यांतल्या ३ लाख ४१ हजारांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. एका राज्यातून तर आकडेच वेळेत आले नाहीत. आपलं महाराष्ट्र यात पहिलं आलेलं मला तरी मुळीच आवडलं नाही.

पण यातही एक चांगली गोष्ट दडलेली आहे. आकडे मागवल्यानंतरच्या सहा महिन्यांत देशात ३ लाख ३८ हजारांवर दरखास्ती निकालात निघाल्या. म्हणजे कुणीतरी मोजतंय म्हटल्यावर काम हललं. पाहुणे येणार म्हटलं की घर आवरलं जातं, त्यातला प्रकार! मोजणीची ताकद ती हीच.

आणखी एक खाच आहे. दाव्याला एक नंबर असतो, दरखास्तीला नवा नंबर पडतो. समजा, दावा बारा वर्षं चालला आणि त्यानंतरची दरखास्त तीन वर्षं पडून आहे. वहीत ते तीन वर्षांचं प्रकरण दिसतं. पंधरा वर्षं वाट पाहणारी बाई कुठेच दिसत नाही. शाळेत नापास मुलाचं नाव दुसऱ्या शाळेत घातलं की तो पहिल्यांदाच वर्गात बसल्यासारखा दिसतो, तसं. दाव्याचं आणि दरखास्तीचं खातं एकाच धाग्याने बांधलं, तर ‘दावा लावल्यापासून ताबा मिळेपर्यंत सरासरी किती वर्षं’ या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. आणि आपल्याला तर तेवढंच हवं असतं!

मोजणीत एकवाक्यता नाही, हे देशाच्या विधी आयोगाने २०१४ मध्येच सांगितलं होतं. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. थकलेल्या खटल्यांवरच्या त्या २४५ व्या अहवालाच्या नावात ‘मॅनपॉवर’ या शब्दाआधी कंसात ‘वो’ घालून ‘वोमनपॉवर’ केलेलं आहे, हे वाचून मला मोठी गंमत वाटली होती. तर आयोगाने उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले, तेव्हा दिसलं की प्रत्येक ठिकाणी मोजण्याची तऱ्हा निराळी. कुठे फक्त मुख्य दावा मोजतात, कुठे त्या दाव्यात दिलेला प्रत्येक तात्पुरता अर्जही वेगळं प्रकरण म्हणून मोजतात. कुठे रहदारीची चलनंसुद्धा खटल्यांच्या बेरजेत. एकीने लाडवाचे नग मोजले आणि दुसरीने डबे, तर कुणी जास्त केले हे सांगणार कसं? किती न्यायाधीश वाढवायला हवेत याचा हिशेब करायला आयोग बसला होता, आणि हिशेबाची वहीच एकसारखी नव्हती. सगळीकडे एकच पद्धत आणा, अशी शिफारस त्यांना करावी लागली.

आपल्या बायकांच्या प्रकरणांत तर हा घोळ जास्तच. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा घ्या. राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा, संरक्षण असं सगळं त्याखाली मागता येतं. मागण्या जवळजवळ सगळ्या दिवाणी स्वरूपाच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तसं म्हटलंही आहे. पण अर्ज चालतो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणून त्याची मोजणी फौजदारीच्या बाजूला. पोटगीचंही तसंच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. कायदा फौजदारी प्रक्रियेचा, मागणी मात्र पोटाची. शिवाय एकाच बाईचा हिंसाचाराचा अर्ज एका ठिकाणी, पोटगीचा दुसऱ्या ठिकाणी आणि नवऱ्याने लावलेला घटस्फोटाचा दावा तिसऱ्या ठिकाणी. वहीत तीन प्रकरणं, घरात एकच मोडलेला संसार. या तीन नोंदी कुणी एकत्र बघत नाही. त्यामुळे तालुक्यात किती बायका न्यायासाठी थांबल्या आहेत, याचं उत्तर दिवाणीच्या आकड्यात नाही, फौजदारीच्याही नाही.

बरं, हिंसाचाराच्या कायद्यात लिहिलंय की अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकालात काढण्याचा कोर्टाने प्रयत्न करावा. हिंदू विवाह कायद्यातही अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायला सांगितलंय. साठ दिवस! आता खातेवही उघडा. प्रकरणाच्या वयाचे रकाने कसे आहेत? शून्य ते एक वर्ष, एक ते तीन वर्षं, तीन ते पाच, पाच ते दहा, असे पुढे तीस वर्षांच्या वरपर्यंत. सगळ्यात छोटा रकानाच एका वर्षाचा! मग साठ दिवसांचं वचन पाळलं की मोडलं, हे त्यात दिसणार कसं? चमचाभर मीठ पोत्याच्या काट्यावर मोजण्यातला प्रकार. जिची चूल आज बंद आहे तिच्यासाठी दोन महिने आणि अकरा महिने यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वहीत त्या दोघी शेजारी-शेजारी, एकाच खान्यात.

महिलांनी दाखल केलेली प्रकरणं किती, ज्येष्ठ नागरिकांची किती, असेही रकाने या खातेवहीत आहेत. कल्पना उत्तम. पण हा आकडा उभा असतो तो अर्ज भरताना ‘स्त्री की पुरुष’ आणि ‘वय’ या दोन चौकटींवर. ती चौकट रिकामी राहिली की बाई वहीतून गेली. आणि जिच्यावर नवऱ्याने दावा लावलाय ती तर ‘दाखल करणारी’ नाहीच. कोर्टाच्या व्हरांड्यात कडेवर मूल घेऊन उभी असते, पण महिलांच्या आकड्यात ती नाही.

अलीकडे उशिराची कारणंही नोंदवायला सुरुवात झाली आहे. वकील उपलब्ध नाहीत, वरच्या कोर्टाची स्थगिती आहे, कागदपत्रांची वाट आहे, मयताचे वारस रेकॉर्डवर नाहीत, अशी. हे फार उपयोगाचं आहे, कारण दुखणं कळल्याशिवाय औषध कसलं देणार? वारस लागले नाहीत म्हणून दावे अडकले असतील तर विधी सेवा समितीने गावात शिबिर घेऊन वारसांची कागदपत्रं करून द्यावीत. वकील येत नाहीत म्हणून अडकले असतील तर वकील संघाशी बोलावं. पण हे कारण सगळ्याच प्रकरणांत भरलेलं नसतं. आणि काही प्रकरणांत तर पुढची तारीखच नोंदलेली नसते. ‘तारीख पे तारीख’ची आपण चेष्टा करतो, पण ज्या दाव्याला तारीखच नाही त्याची अवस्था त्याहून वाईट.

हे वाचून कोर्टातल्या कर्मचाऱ्यांवर राग काढू नका. एकदा एका कोर्टात नावाची दुरुस्ती करून घ्यायला गेले होते, तेव्हा कॉम्प्युटरपाशी बसलेली मुलगी म्हणाली, “ताई, दिवसभराचा बोर्ड संपला की संध्याकाळी सगळ्या तारखा भरायच्या. उद्याचा बोर्ड लावायचा. नवीन दाखल झालेले वेगळेच. त्यात वकिलांनी अर्जावर वय लिहिलं नसेल तर मी काय अंदाजाने टाकू?” तिचं म्हणणं चुकीचं होतं का? आपणही शाळेच्या फॉर्मवर घाईघाईने रकाने सोडतोच की. वही नीट हवी असेल तर वही लिहिणारे हात पुरेसे हवेत, त्यांना शिकवायला हवं आणि थोडी उसंतही द्यायला हवी. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांकरता ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. यंत्रं येतील, कागद स्कॅन होतील. पण चौकटीत काय भरायचं हे ठरवणारं आणि भरलेलं तपासणारं माणूसही त्यात धरलेलं असावं, एवढंच मागणं.

आमच्या मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका यावर म्हणाल्या, “अगं, आकडे सुधारून न्याय मिळतो का? उलट आकड्यांच्या मागे लागले की नुसती घाई होते.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. न्यायाधीशांचं काम किती प्रकरणं निकाली काढली यावर जोखलं जातं. मग सोपं आधी उरकायचं आणि किचकट वाटणी मागे ठेवायची, हा मोह कुणालाही होईल. राष्ट्रीय लोकअदालतीच्या बातम्या बघा. त्यात मिटलेल्या प्रकरणांच्या भल्या मोठ्या आकड्यात बँकेची थकबाकी, वीजबिल, घरपट्टी अशी कोर्टात कधी दाखलच न झालेली ‘दाखलपूर्व’ प्रकरणंही असतात. ती मिटली हे छानच. पण त्यामुळे आपल्या तालुक्यातला दाव्यांचा ढीग तेवढाच कमी झाला असं समजायचं नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की आकडा मोठा असण्यापेक्षा खरा असावा. चुकीचं मोजलं की घाई चुकीच्या जागी होते. ताबा मिळेपर्यंत मोजलं, तर घाईसुद्धा ताबा देण्याचीच होईल.

कौटुंबिक न्यायालयाचंच बघा. १९८४ च्या कायद्याप्रमाणे दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात ते हवंच. बाकी ठिकाणी राज्य सरकारला गरज वाटेल तिथे. आता छोट्या गावांची गरज सरकारला वाटणार कशावरून? आपल्या जिल्ह्यातल्या पोटगीच्या, ताब्याच्या, हिंसाचाराच्या अर्जांचे आकडे नीट एकत्र मांडले तरच ना! नाहीतर तीन खात्यांत विखुरलेल्या बायकांची बेरीज कधी मोठी दिसणारच नाही.

मोठे बदल वरच्या पातळीवर व्हायचे आहेत. सगळ्या कोर्टांत प्रकरणांची नावं आणि मोजणी एकसारखी असावी. ‘निकाली’च्या पोटात जिंकलं, मिटलं, सोडून दिलं, काढून टाकलं हे वेगळं दाखवावं. दावा आणि दरखास्त जोडून मोजावी. पोटगी आणि हिंसाचाराच्या अर्जांसाठी साठ दिवसांचा रकाना करावा. यात नवा कायदा लागत नाही, वहीला नव्या रेघा माराव्या लागतात.

पण काही गोष्टी आपल्या हातातही आहेत. कोर्टात प्रकरण दाखल झालं की त्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक मिळतो. आपल्याकडचा ‘एमएच’ने सुरू होतो, पुढे जिल्ह्याची दोन अक्षरं आणि मग बारा आकडे. वकिलांकडून तो मागून घ्या. तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप फुकट मिळतं. त्यात हा क्रमांक घातला की प्रकरण उघडतं. मुलगी, सून, शेजारचा कॉलेजचा मुलगा, कुणीही दोन मिनिटांत काढून देईल. मग पाच गोष्टी तपासा. तुमचं नाव आधार कार्डावरच्यासारखंच आहे ना? प्रकरण कुठल्या कायद्याखाली लिहिलंय? पुढची तारीख आहे ना? टप्पा कुठला दाखवतात, नोटीस, पुरावा की युक्तिवाद? आणि ‘निकाली’ दाखवत असेल तर कशा प्रकारे निकाली? गैरहजेरीत काढून टाकलेला दावा पुन्हा उभा करून मागता येतो, पण त्यालाही मुदत असते. सहा महिन्यांनी कळून उपयोग नाही, लगेच कळायला हवं. चूक दिसली तर वकिलांमार्फत दुरुस्तीचा अर्ज द्या. वकिलांची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे अजूनही कितीतरी जणींना ठाऊक नसतं.

महिला मंडळांनी आणि बचत गटांनीही एक करावं. आपल्या गावातल्या बायकांची जी प्रकरणं कोर्टात आहेत, त्यांची एक साधी वही ठेवावी. नावाऐवजी नंबर लिहिला तरी चालेल, उगाच चर्चा नको. दावा कधी लावला, अंतरिम पोटगी कधी ठरली, पैसे प्रत्यक्ष कधी हातात आले, ताबा कधी मिळाला, एवढेच चार रकाने. वर्षाकाठी ती वही विधी सेवा समितीच्या साहेबांपुढे ठेवावी. ‘खूप उशीर होतो हो’ म्हटलं की सहानुभूती मिळते. ‘आमच्या वीस जणींपैकी चौदा जणींना निकालानंतरही पैसे मिळालेले नाहीत’ असं कुणी वही उघडून दाखवलं, तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि तोवर, मैत्रिणींनो, घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो, मुलांच्या परीक्षा लिहितो. तिथेच एका कोपऱ्यात तो सोळा अक्षरांचा क्रमांक लिहून ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघा. आपलं नाव कोर्टाच्या वहीत कुठल्या रकान्यात बसवलंय, ते आपल्याला माहीत असलेलं बरं.